कोड घरी ठेवायचा, तर दुसरी प्रत कुठे?

घरात नॅस आहे, त्यात दोन डिस्क आहेत, तो चोवीस तास चालू असतो. मग खासगी कोड गिटहबवर कशाला, घरीच का ठेवू नये, असं विचारणारे वाचक पेण-रोहा भागात बरेच आहेत. कुणी मुंबई-पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतं. कुणी धाटाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना पीएलसीचे प्रोग्राम लिहून देतं. कुणी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतं आणि सुट्टीला घरी येतं. प्रश्नाचे शब्द वेगळे असतात, गोंधळ मात्र तोच असतो. गिट म्हणजेच गिटहब, नॅस म्हणजेच बॅकअप, आणि बाहेरून पोचायचं तर राउटरचं पोर्ट उघडावंच लागतं, असं धरून चालतात. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. तिसरी तर धोक्याची आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हर उभा करायला एक संध्याकाळ पुरते. खरा विचार करायचा तो दुसरी प्रत कुठे राहील, ती परत कशी आणायची आणि तुमच्या गैरहजेरीत ती कोण उघडेल याचा. याची उत्तरं हाताशी नसतील तर महत्त्वाचा कोड अजून घरच्या पेटीवर हलवू नका.

तुम्हाला याची गरज आहे का?

गिट हा प्रोग्राम लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिला. गिटहब ही त्याच्या आधारानं चालणारी एका कंपनीची सेवा आहे आणि २०१८ पासून ती मायक्रोसॉफ्टकडे आहे. गिटला मुळात सर्व्हर लागतच नाही. तुमच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरात पहिल्या कमिटपासूनचा सगळा इतिहास असतो. सर्व्हर लागतो तो दोन माणसांना किंवा दोन मशीनना भेटायची एक जागा हवी म्हणून.

पैसे वाचवायला हे करत असाल तर थांबा. गिटहबनं जानेवारी २०१९ पासून खासगी रेपो फुकट केले आणि एप्रिल २०२० मध्ये सहकाऱ्यांच्या संख्येची मर्यादाही काढली. नॅस, डिस्क, यूपीएस आणि वीज यांचा खर्च त्याहून कितीतरी जास्त होतो. साधारण २० वॅट खाणारा दोन डिस्कचा नॅस महिनाभर चालू राहिला तर १४.४ युनिट जातात. बिलावरच्या तुमच्या टप्प्याच्या दरानं त्याला गुणून बघा.

पुढच्यापैकी एखादं कारण तुम्हाला लागू पडत असेल तर मात्र घरचा सर्व्हर सार्थ आहे:

- ग्राहकानं लेखी अट घातली आहे की कोड किंवा प्रोग्राम बाहेरच्या कुठल्याही सेवेवर ठेवायचा नाही.
- फाइली मोठ्या आहेत. गिटहब नेहमीच्या पद्धतीनं १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही.
- पावसात इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात दोघांचं काम चालू राहायला हवं.
- एकाच परक्या सेवेवर सगळं सोपवायचं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशावरून भारतात ३२ संकेतस्थळं रोखली गेली, त्यात गिटहबही होतं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांना त्यांचेच खासगी रेपो उघडता येईनात.

उलट बाजूही बघा. तुम्ही एकटेच, लॅपटॉपही एकच, असं असेल तर पेनड्राइव्हवर एक प्रत आणि गिटहब किंवा गिटलॅबवर एक खासगी रेपो एवढं पुरतं. आणि पेण, हमरापूर, जोहे इथल्या एखाद्या गणपती कारखान्याचे मूर्तींचे फोटो, ऑर्डरींच्या एक्सेल शीट, साच्यांचे थ्रीडी स्कॅन सांभाळायचे असतील तर गिटच्या वाटेला जाऊ नका. फोटो आणि स्कॅन यांतला फरक गिटला ओळीओळीनं दाखवता येत नाही, प्रत्येक बदलाला साठा मात्र फुगत जातो. त्या कामाला नॅसवरचं साधं फोल्डर आणि रोजचा स्नॅपशॉट बरा.

कोणती पद्धत घ्यावी

पर्याय पुष्कळ दिसतात. घरासाठी विचार करायचा तो दोनच पद्धतींचा.

पहिली म्हणजे नॅसवर नुसता बेअर रेपो आणि एसएसएच. वेबपान नाही, डेटाबेस नाही, अपडेटची कटकट कमी. एक-दोन माणसांना हीच घ्यावी. क्रम असा:

१. नॅसवर कोडसाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. अ‍ॅडमिन खात्यानं कोड पुश करायची सवय लावून घेऊ नका.
२. एसएसएच चालू करा आणि लॅपटॉपवर चावीची जोडी तयार करा. त्यातली सार्वजनिक चावी नॅसवर ठेवा, खासगी चावी लॅपटॉपवरून हलवू नका.
३. नॅसवर रेपोसाठी फोल्डर करून त्यात 'गिट इनिट --बेअर' ही आज्ञा द्या. टाइप अर्थात रोमन लिपीत करायची. बेअर म्हणजे ज्यात फक्त इतिहास असतो, काम करायच्या फाइली नसतात असा रेपो.
४. लॅपटॉपवर तो पत्ता रिमोट म्हणून जोडा आणि पुश करा.
५. चावीनं लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावर एसएसएचचं पासवर्डचं लॉगिन बंद करा.
६. नॅसवरच्या रेपोत जुना इतिहास पुसणारे पुश आणि ब्रांच डिलीट करणं नाकारायची सेटिंग लावा. 'रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स' आणि 'रिसीव्ह.डिनायडिलीट्स' या दोन्ही 'ट्रू' करायच्या. घाईत दिलेल्या एका फोर्स पुशनं आठवड्याचं काम जाऊ शकतं.

सगळं बरोबर करूनही चावी चालत नाही आणि पासवर्डच मागितला जातो, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा कारण परवानग्यांचं असतं. त्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरात इतरांनाही लिहायची मुभा असली तर एसएसएच चावी मानतच नाही. होम फोल्डरला ७५५, त्यातल्या एसएसएचच्या फोल्डरला ७०० आणि चाव्यांच्या फाइलला ६०० परवानगी द्या.

दुसरी पद्धत म्हणजे गिटी किंवा फोरजेओ. ब्राउझरमधून रेपो बघता येतात, चुकांची यादी ठेवता येते, कोणाला कुठला रेपो दिसावा ते ठरवता येतं. गिटी २०१६ मध्ये गॉग्ज या प्रकल्पातून फुटून निघाला आणि फोरजेओ २०२२ मध्ये गिटीतून. दोन्ही हलके आहेत, रास्पबेरी पायवरही चालतात, नॅसवर डॉकरमधून सहज बसतात. तीन-चार जणांचा गट असेल किंवा ग्राहकाला अधूनमधून काम दाखवायचं असेल तर हा मार्ग योग्य. सोबत डेटाबेस आणि सेटिंगची फाइल येते, त्यांचाही बॅकअप घ्यावा लागेल, हे लक्षात ठेवा.

गिटलॅबची पूर्ण आवृत्ती घरच्या नॅसवर बसवायच्या फंदात पडू नका. ती कंपन्यांसाठी आहे, तिला कित्येक जीबी रॅम लागते आणि साधा नॅस तिच्या ओझ्याखाली दमतो.

शेअर्ड फोल्डर आणि क्लाउड फोल्डर

सगळ्यात सोपं म्हणून बरेच जण नॅसचं फोल्डर विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून जोडतात आणि रेपो तिथेच ठेवतात. एकट्याला ते काही दिवस चालतं. दोघांनी एकाच वेळी लिहिलं किंवा वायफाय मध्येच तुटलं की अर्धवट लिहिलेल्या फाइली राहतात. एप्रिल २०२२ नंतरच्या गिटमध्ये आणखी एक अडचण येते. फोल्डरचा मालक दुसराच वापरकर्ता दिसला की गिट 'संशयास्पद मालकी' अशा अर्थाचा इशारा देऊन काम नाकारतं. हा इशारा सुरक्षेसाठी आहे, त्यामुळे सगळी फोल्डरं सरसकट सुरक्षित म्हणून नोंदवायचा जो तोडगा सुचवला जातो तो करू नका. एसएसएचनं जा, प्रश्नच मिटतो.

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात चालू रेपो ठेवणं तर टाळाच. त्यांचा सिंकचा प्रोग्राम एकेक फाइल आपल्या क्रमानं वर-खाली करतो, गिटला मात्र सगळ्या फाइली एकमेकींशी जुळलेल्या लागतात.

बाहेरून पोचायचं तर

सर्वाधिक चुका इथे होतात. पोर्ट फॉरवर्डिंगचा व्हिडिओ बघून राउटरमध्ये नॅसचं पोर्ट उघडलं जातं आणि तासाभरात अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं इंटरनेटवर उघडे असलेले हजारो क्यूनॅप नॅस कुलूपबंद केले. तेव्हा कंपनीनं ग्राहकांना पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा असं तातडीनं सांगितलं. त्या मालकांमध्ये तुमच्या-आमच्यासारखे घरगुती वापरणारे पुष्कळ होते.

बऱ्याच घरांत पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही, कारण कनेक्शन सीजीनॅटमागे असतं. म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. तपासणं अवघड नाही. राउटरचं पान उघडा, स्टेटस किंवा वॅन या विभागात कोणता पत्ता दिसतो तो कागदावर लिहा. मग 'माझा आयपी काय' असं ब्राउझरमध्ये शोधून येणारा पत्ता त्याखाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमचाच आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तपासताना लॅपटॉपवर टेलस्केल (पुढे सांगितलेला व्हीपीएनचा प्रोग्राम) चालू असेल तर तोही स्वतःच्या कामासाठी याच मालिकेतले पत्ते वापरतो. म्हणून राउटरच्या पानावरचाच आकडा घ्या, लॅपटॉपवरचा नको.

उपाय म्हणजे स्वतःचं व्हीपीएन. सीजीनॅट असो वा नसो, टेलस्केल किंवा झिरोटियर चालतात. नॅसवर आणि लॅपटॉपवर बसवा, दोन्ही एकाच खात्यात घ्या, आणि लोणेऱ्याच्या वसतिगृहातून किंवा दिवा-रोहा मेमूमध्ये मोबाइलच्या नेटवरून पुश करा. राउटरला हात लावायची गरज नाही. सार्वजनिक पत्ता तुमचाच असेल आणि मध्ये कुठलीही बाहेरची सेवा नको असेल तर वायरगार्ड घ्या. त्यासाठी एकच यूडीपी पोर्ट उघडावं लागतं आणि ओळखीची चावी नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. क्लाउडफ्लेअरचा बोगदा वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्या की फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा जास्त वर चढत नाही. मोठा पुश तिथेच अडकतो आणि चूक गिटची वाटत राहते.

घरी व्हीपीएन चालवणं बेकायदा आहे का, ही शंकाही येते. सर्ट-इन या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश इतरांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवायला सांगतात. स्वतःच्या घरात स्वतःच्या मशीनसाठी जोडणी करणारे तुम्ही त्यात येत नाही. लॅपटॉप कंपनीचा असेल तर मात्र त्यावर असं काही बसवण्याआधी परवानगी घ्या. घरगुती इंटरनेटच्या करारात सर्व्हर चालवण्याबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचा. खासगी जोडणीनं सहसा कुणाची हरकत नसते, जगाला उघडा ठेवलेला सर्व्हर ही वेगळी गोष्ट.

पाऊस, वीज आणि ओल

नॅसबद्दलचा बहुतेक सल्ला कोरड्या हवेच्या शहरांत बसून लिहिलेला असतो. आपल्याकडे पावसाचे चार महिने वेगळे असतात.

जागा निवडताना तळमजल्याची जमीन, पश्चिमेची ओल धरणारी भिंत आणि कौलाखालचा पोटमाळा टाळा. रोह्यात कुंडलिका आणि पेणमध्ये भोगावती चढली की पाणी कुठपर्यंत येतं हे तुमच्या आळीतली मोठी माणसं बोटानं दाखवतील. २६ जुलै २००५ ला पाणी कुठे होतं ते त्यांना विचारा आणि त्याच्या बरंच वर फळी ठोका. बंद कपाटात ठेवू नका, ओल आणि उष्णता दोन्ही साठतात. अ‍ॅडॉप्टरच्या उबेला मुंग्या आणि पाली येतात, तेव्हा महिन्यातून एकदा ती जागा पुसून घ्या. पावसाळ्यात नॅस दिवसेंदिवस बंद ठेवण्यापेक्षा चालू ठेवलेला बरा, स्वतःच्या उबेनं तो कोरडा राहतो.

विजेबाबत सगळ्यात मोठा गैरसमज इन्व्हर्टरचा आहे. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून नॅस सुरक्षित आहे असं वाटतं. पण बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला कळवत नाही. लाइट सहा तास आली नाही की बॅटरी बसते आणि नॅस लिहिता लिहिता बंद पडतो. म्हणून यूएसबीचं पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या, तो केबलनं नॅसला जोडा आणि बॅटरी उतरल्यावर नॅसनं स्वतः नीट बंद व्हायची सेटिंग करा. यूपीएस इन्व्हर्टरच्या मागे लावणार असाल तर इन्व्हर्टर साइनवेव्हचा हवा. साध्या स्क्वेअरवेव्हच्या पुरवठ्याला कित्येक यूपीएस बिघडलेली वीज समजतात आणि स्वतःची बॅटरीच वापरत बसतात. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर घ्या.

मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात प्लग काढताना लॅनची केबलही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमधून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून ती नॅसपर्यंत पोचू शकते. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय निकामी आहे.

डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे का ते विचारा. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर या दुसऱ्या, लिहायला संथ पद्धतीच्या निघाल्या होत्या आणि रेडची (डिस्कच्या जोडणीची) पुनर्बांधणी करताना त्या फार रेंगाळत होत्या. पावती आणि डिस्कचा सीरियल नंबर यांचा फोटो काढून ठेवा.

दुसरी प्रत, तिसरी प्रत

रेड १ म्हणजे दोन डिस्कवर एकच मजकूर. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा फायदा. चुकून डिलीट केलेलं दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं. खंडणीखोर प्रोग्राम, चोरी, पूर, वीज, यांपुढे रेडचा काही उपयोग नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या, त्यातली एकही भरवशानं चालत नव्हती. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. रेपोतला कोड मात्र वाचला, गेल्या त्या डेटाबेसमधल्या नोंदी. घरी गिटी चालवणाऱ्यांनी यातून आपल्यापुरतं ओळखावं. कोड तुमच्या लॅपटॉपवरही असतो. चुकांची यादी, चर्चा, वापरकर्ते आणि मोठ्या फाइली सर्व्हरवरच असतात.

पेण आणि रोहा या दोन गावांत नातेवाईक असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आणि ती इथे कामाला येते. तुमचा नॅस पेणला असेल तर रोह्याच्या भावाच्या, मावशीच्या घरी एक रास्पबेरी पाय आणि एक यूएसबी डिस्क ठेवा. दोन वेगळ्या नद्या, दोन वेगळे वीज फीडर, बहुधा दोन वेगळे केबलवाले. दोन्ही घरं टेलस्केलनं जोडा.

जोडणी कुठल्या दिशेनं होते याला फार महत्त्व आहे. पेणच्या नॅसनं रोह्याला ढकलायचं नाही, रोह्याच्या पेटीनं पेणहून खेचायचं, आणि तेही फक्त वाचता येणाऱ्या चावीनं. असं केलंत तर पेणचा नॅस कुणी ताब्यात घेतला तरी त्याला रोह्याची प्रत पुसता येत नाही. रोह्यात 'गिट क्लोन --मिरर'नं पहिली प्रत घ्या आणि रोज रात्री ती ताजी होईल असं करा.

मिररही एकटा पुरत नाही. मूळ रेपोत इतिहास बिघडला तर मिररमध्येही तो बिघडलेलाच येतो. म्हणून आठवड्यातून एकदा 'गिट बंडल'नं सगळ्या ब्रांचची एक फाइल तयार करा, नावात तारीख घाला आणि काही महिन्यांच्या फाइली राहू द्या. गिटी असेल तर त्याची डम्पची सोय वापरा, म्हणजे डेटाबेस आणि सेटिंगची फाइलही सोबत येते.

तरीही पेण आणि रोहा मिळून पुरत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा जिल्हाभर खांब पडले, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलही बंद होते. अशा वेळी दोन्ही घरं एकदमच गप्प होतात. तिसरी प्रत जिल्ह्याबाहेर हवी. पुण्यातल्या बहिणीकडची डिस्क चालेल, किंवा रेस्टिकसारख्या प्रोग्रामनं कुलूप लावून क्लाउडवर ठेवलेला साठा चालेल. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो साठा कुणालाच उघडता येत नाही, प्रोग्राम बनवणाऱ्यांनाही नाही. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. तुमच्या पश्चात किंवा आजारपणात काम कोण बघणार ते ठरवून त्या व्यक्तीला तो कागद दाखवून ठेवा.

आता परीक्षा. मृग लागायच्या आधीचा एखादा रविवार यासाठी राखून ठेवा. ज्यावर हे रेपो कधीच नव्हते असा लॅपटॉप घ्या, नॅस बंद करा आणि फक्त रोह्याच्या प्रतीवरून क्लोन करा. 'गिट एफएससीके' चालवून चूक दिसते का बघा. मग प्रकल्प खरोखर उघडा, बिल्ड करा. पीएलसीचं काम करणाऱ्यांना इथे धक्का बसू शकतो. प्रोजेक्ट फाइल यादीत दिसते, पण उघडत नाही. नोटपॅडमध्ये बघितलं तर आत फक्त तीन ओळी असतात: एक आवृत्तीची, एक लांबलचक खुणेची, एक आकाराची. ही गिट एलएफएसची, म्हणजे मोठ्या फाइली इतिहासाबाहेर वेगळ्या ठेवायच्या सोयीची, चिठ्ठी. खरी फाइल मिररमध्ये आलेलीच नसते, कारण एलएफएसच्या फाइली मिरर क्लोनमध्ये आपोआप येत नाहीत. रोह्याच्या पेटीवर 'गिट एलएफएस फेच --ऑल' वेगळं लावावं लागतं. ही गोष्ट जूनमध्ये घरी बसून कळली तर एका आज्ञेचं काम आहे. कारखाना बंद पडलेला असताना कळली तर ग्राहक गेला म्हणून समजा.

पीएलसीच्या फाइलींबद्दल आणखी एक. दोघांनी केलेले बदल गिटला त्यात एकत्र करता येत नाहीत. एलएफएसची लॉकची सोय वापरा, म्हणजे एकानं फाइल घेतली की दुसऱ्याला ते कळतं.

कोड कुणाचा? तुमचे हक्क आणि मर्यादा

घरच्या डिस्कवर आहे म्हणून कोड तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो आणि कलम १७ मालकी ठरवतं.

- नोकरी करत असाल तर नोकरीच्या कामात लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. तो लेखी परवानगीशिवाय घरच्या नॅसवर आणू नका, बॅकअप म्हणूनही नको. परवानगी मिळाली तर नोकरी सोडताना पेण, रोहा, क्लाउड अशा सगळ्या प्रती पुसाव्या लागतील, आणि जुन्या बंडल फाइलीही त्यात आल्या.
- स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या मशीनवर केलेलं काम आपोआप कंपनीचं होत नाही. पण नेमणूकपत्रात तसं कलम असू शकतं, तेव्हा ते काढून वाचा. आणि असं काम कंपनीच्या लॅपटॉपवरून पुश करू नका.
- स्वतंत्र ठेकेदार असाल तर प्रोग्रामचे पहिले मालक तुम्ही. ग्राहकाला हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं धरलं जातं. धाटावच्या कामांत नुसत्या पर्चेस ऑर्डरवर भागवणाऱ्यांनी ही ओळ नीट घालून घ्यावी. ग्राहकाला सोर्सची प्रत मिळणार का, तुम्ही ती किती काळ ठेवणार, तेही त्याच कागदात लिहा.
- ग्राहकांची माहिती रेपोत घालू नका. नावं, मोबाइल नंबर असलेला डेटाबेस चाचणीसाठी म्हणून कमिट केला जातो आणि इतिहासात कायमचा राहतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला सूट देतो, ग्राहकाच्या कामाला ती सूट नाही.

पासवर्ड किंवा एपीआयची चावी चुकून कमिट झाली तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून काही होत नाही. आधी ती चावी रद्द करून नवी घ्या, इतिहास साफ करायचं नंतर बघा.

वाद झाला तर कमिटची तारीख पुरावा ठरेल, असंही पुष्कळांना वाटतं. ती तारीख लॅपटॉपच्या घड्याळावरून येते आणि कुणालाही हवी ती घालता येते. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्याला ग्राहकाला ईमेल करा, त्यात शेवटच्या कमिटची खूण लिहा आणि पोच घ्या.

डिस्क बंद पडली तर

घाईनं नवी डिस्क घालून रेडची पुनर्बांधणी सुरू करू नका. त्या कामाचा सगळा ताण उरलेल्या एकाच डिस्कवर पडतो, आणि दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या असतील तर तीही थकलेली असू शकते. आधी बाहेरच्या प्रती ताज्या आहेत का बघा, नसतील तर उरलेल्या डिस्कवरून त्या ताज्या करून घ्या. मगच नवी डिस्क घाला.

वॉरंटीत बदलून मिळणारी डिस्क घेताना जुनी परत द्यावी लागते आणि तिच्यावर तुमचा सगळा कोड असतो. म्हणून नॅस पहिल्यांदा लावतानाच व्हॉल्यूमला एन्क्रिप्शन लावा, नंतर लावणं कटकटीचं होतं. विक्रेता वॉरंटी मान्य करत नसेल तर पावती आणि सीरियल नंबरसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या नंबरला तक्रार नोंदवा. डिस्क बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे. तिच्यावरचा मजकूर परत मिळवून द्यायची जबाबदारी मात्र वॉरंटीत सहसा कुणीच घेत नाही.